काकांच्या पेटीत 'बी' मार्कवाली चांदीची नाणी मिळाली, सराफ सगळी वजनावर मागतोय, काय करू?

शहापूरकर_बेळगाव

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहालोय पण पूर्ण वाचा की, घरात सगळे गोंधळलेत.

आमचे थोरले काका मुंबईला गिरणीत होते, रिटायर झाल्यावर इकडे बेळगावला शहापुरात येऊन राहिले. मागच्या श्रावणात गेले. आता काकी म्हणाल्या पेटी उघडून सोडा एकदा, कागदपत्रं बघायला पाहिजेत. तर पेटीत खाली धोतराच्या घडीत गुंडाळून नाण्यांचे दोन प्लास्टिकचे डबे निघाले आणि एक कापडी पिशवी. काकींनी सांगितलं की काका सुट्टीच्या दिवशी फोर्टात टांकसाळीत जाऊन रांग लावून हे घ्यायचे, पगार किती आणि हे काय करतात म्हणून तेव्हा घरात भांडणं पण झालेली.

काय काय आहे सांगतो. एक डबा गांधीजींच्या नाण्यांचा, त्यात दहा रुपयाचं पांढरं मोठं नाणं आहे, त्यावर १८६९-१९४८ लिहिलंय म्हणजे ते १९४८ चं असणार. दुसरा डबा १९७३ चा, त्यात दहाचं आणि वीसचं. सुटी म्हणाल तर १९७२ चं दहाचं एक (हे पातळ प्लास्टिकच्या पाकिटात होतं, त्याला हिरवट चिकट काहीतरी लागलंय), १९७४ चं पन्नास रुपयाचं एक, गांधीजींचं दहाचं आणखी एक, आणि राणीचे राजाचे मिळून सात रुपये जे काकी दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात मांडतात, हळदकुंकू लावून. डब्यातल्या नाण्यांवर बारीक 'बी' असं अक्षर आहे.

आता मुख्य गोष्ट. मी ओळखीच्या एका सराफाकडे नेऊन दाखवलो, त्यानं सगळी एकत्र काट्यावर टाकली आणि म्हणाला पन्नास टंच (म्हणजे शंभरात पन्नास भाग शुद्ध चांदी) धरून घट (आटवताना होणारी तूट) काढून देतो, आजच देऊन सोडा, भाव उतरायलाय. चुलतभाऊ म्हणतोय देऊन टाकू, तीन वाटण्या करू. दुसरीकडे व्हॉट्सॲपवर एकाला फोटो पाठवलो तर तो म्हणतोय लाखात जातील पण आधी रजिस्ट्रेशनचे दोन हजार भरा. आणि हे सगळं कमी म्हणून की काय, आईनं सुट्या गांधीजींच्या नाण्याला टूथपेस्ट लावून घासून लख्ख करून ठेवलंय, बिचारीला वाटलं किंमत वाढेल.

खरी किंमत कशी काढायची, कुणाला दाखवायची, आणि साफ करायचं का नाही, जाणकारांनी सांगा प्लीज.

---

निपाणीकर_नाणी

आधी एक काम करा, त्या सराफाला फोन करून नाही म्हणून सांगा आणि व्हॉट्सॲपवाल्याला ब्लॉक करा. जुनी नाणी विकून देतो म्हणून आधी फी, कमिशन, टॅक्स मागणारे सगळे फसवे असतात, २०२१ साली रिझर्व्ह बँकेनं स्वतः पत्रक काढून सांगितलेलं की आमच्या नावानं असे पैसे मागतायत, आम्ही असल्या व्यवहारात नसतो. वैष्णोदेवीच्या पाच रुपयाला लाख मिळतात वगैरे त्याच टोळीतलं.

आता तुमच्या नाण्यांचं बघू. गांधीजींचं नाणं १९४८ चं नाही. १८६९-१९४८ ही त्यांची जन्म-मृत्यूची सालं आहेत, नाणं जन्मशताब्दीला म्हणजे १९६९ ला काढलेलं, त्यावर पाडल्याचं साल घातलेलंच नाही, त्यामुळे निम्मे लोक इथंच चुकतात. आणि आता नीट ऐका, कारण सराफ तुम्हाला इथं मारतोय. गांधीजींचं दहाचं नाणं १५ ग्रॅम, ८०० ची चांदी (हजारात ८०० भाग शुद्ध), म्हणजे शुद्ध चांदी १२ ग्रॅम. १९७२ चं स्वातंत्र्याच्या पंचवीस वर्षांचं दहाचं नाणं साधारण साडेबावीस ग्रॅम, हातात घेतलं की भारदस्त वाटतं, पण ते ५०० चं, म्हणजे शुद्ध सव्वाअकराच ग्रॅम. मोठं दिसणारं नाणं चांदीत कमी भरतं. १९७३ चं वीसचं ३० ग्रॅम, ५०० चं, शुद्ध १५. तुमचं १९७४ चं पन्नासचं ३५ ग्रॅमच्या जरा आत, तेही ५०० चं, म्हणजे सतरा ग्रॅमच्या वर शुद्ध. सगळं सरसकट पन्नास टंच धरलं तर एकेका गांधी नाण्यामागं साडेचार ग्रॅम शुद्ध चांदी तुम्ही फुकट देताय, वर घट वेगळी.

हा झाला तळाचा भाव. मोड म्हणून सुद्धा याच्या खाली कुणालाही द्यायचं नाही. कागदावर एकेक नाणं, वजन, टंच, शुद्ध किती असा तक्ता करा आणि आजच्या भावानं गुणा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता 'बी'. मुंबई टांकसाळीच्या साध्या नाण्यावर सालाच्या खाली हिऱ्याच्या आकाराचं टिंब असतं. 'बी' अक्षर त्यांनी प्रूफ नाण्यांसाठी वापरलं, १९९६ पासून त्याचं 'एम' झालं. म्हणजे तुमचे डबे प्रूफ सेट आहेत. प्रूफ म्हणजे चांगल्या अवस्थेतलं नाणं असं बरेच जण समजतात, तसं नाही, ती बनवायची पद्धत आहे. ठसा पॉलिश केलेला, कोरी चकती पण पॉलिश केलेली, आणि एकापेक्षा जास्त वेळा दाबून पाडलेलं. म्हणून सपाट भाग आरशासारखा आणि चित्र पांढुरकं मॅट दिसतं. दिव्याखाली तिरकं धरा, तुम्हालाच कळेल. (कडेलाच धरा. नाण्याच्या सपाट बाजूला बोट लावू नका, बोटाचा ठसा वर्षाभरात चांदीत कायमचा बसतो.)

प्रूफ चलनात वापरायला काढलेलं नसतंच, संग्राहकांसाठीच, साध्या नाण्याच्या मानानं फार थोडे काढलेले, त्यामुळे चांदीच्या वर जे पैसे मिळतात ते याचे. पण अट एकच, डबा मूळचा पाहिजे आणि नाणं कुणी घासलेलं नसलं पाहिजे.

---

हुपरी_चांदीकाम

निपाणीकर सरांचं बरोबर हाय. मी हुपरीचा, आमच्या घरात तीन पिढ्या पैंजणाचं काम. जुन्या नाण्यांची पोती आटणीला येताना लहानपणी बघितलोय ओ. तेव्हा कुणाला काय कळतंय, मुशीत टाकली की संपलं. आता कधीकधी रात्री आठवतं की त्यात काय काय गेलं असेल.

टंचाबद्दल सांगतो. आमच्याकडं मशीनवर नाणं न कापता, न घासता टंच कळतो, एक्सरे मशीन म्हणतात, दोन मिनिटांत कागद देतात. बेळगावात पण असेल बघा. फक्त कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका कुणाला आणि कानस तर अजिबात नको, काही सराफ कडेला कानस मारून बघतात. घासलं की संग्राहकाचा भाव गेला.

मशीन नसेल तर घरचा उपाय. दोन दशांशापर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा आणा. पहिलं नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा आणि नाणं दोऱ्यानं बांधून पाण्यात असं सोडा की बुडलं पाहिजे पण तळाला काचेला टेकता कामा नये. काटा जो आकडा दाखवेल त्यानं कोरड्या वजनाला भागा. ९१७ ची चांदी असेल तर १०.३ च्या आसपास येतं, ८०० ला १०.१, ५०० ला ९.६ ते ९.७, आणि तांबं-निकेलचं असेल तर ८.९. खोटं नाणं इथं उघडं पडतं. चुंबकावर विसंबू नका. चांदी चिकटत नाही हे खरं, पण तांबं-निकेलपण चिकटत नाही की. शुद्ध निकेलचं मात्र चिकटतं, नेहरूंचा १९६४ चा रुपया चांदीचा म्हणून विकायला येतात त्यांना तिथल्या तिथं चुंबक लावून दाखवायचं.

---

निपाणीकर_नाणी

हुपरीकर, पाण्याची पद्धत उत्तम आहे पण ती राणी-राजाच्या रुपयांना करा, प्रूफला नको. दोरा बांधायचा म्हटल्यावर नाणं डब्यातून काढणं आलं, आरशावर दोरा घासणं आलं, पाणी सुकलं की डाग. प्रूफला काटा पण लावायची गरज नाही, डब्यातून काढूच नका. गांधीजींच्या सेटमधली रुपया आणि पन्नास पैसे निकेलचे असतात, वीस पैसे पितळेसारखं पिवळं, ॲल्युमिनियम ब्राँझचं, तेव्हा सेट म्हणजे सगळी चांदी असंही नाही. आणि लक्षात ठेवा १९७४ पासून दहाचं नाणं तांबं-निकेलचं झालं, चांदी पन्नासच्या नाण्यात गेली. त्यामुळं पुढं कुणी १९७५ चं दहाचं चांदी म्हणून गळ्यात मारायला आला तर घेऊ नका.

---

टिळकवाडी_मावशी

मी नाणी जमवत नाही, माझ्या मिस्टरांचा छंद होता, ते गेल्यावर मी सांभाळते. साफ करण्याबद्दल मला कळवळून सांगायचंय म्हणून लिहितेय.

बाळा आईवर रागावू नकोस. आपल्याकडे दिवाळीला चांदी म्हटलं की रांगोळी नाहीतर राख, चिंच, आता टूथपेस्ट, हेच शिकवलंय सगळ्यांना, भांड्याला ते ठीकच आहे. पण टूथपेस्टमध्ये बारीक कण असतात, ते आरशावर हजार रेघा ओढतात, डोळ्याला लख्ख दिसतं पण भिंगाखाली सगळं ओरखडलेलं. ते परत येत नाही. मी पण एक घालवलंय असंच, मिस्टर काही बोलले नाहीत पण दोन दिवस गप्प होते. ते नाणं आता चांदीच्याच भावाचं समज, आणि लक्ष्मीपूजनात ठेव, तिथे त्याची जागा चांगली आहे.

काळं पडलंय म्हणून कुठलंच घासू नको. हवेतल्या गंधकामुळे चांदीवर थर बसतो, कधी निळसर कधी सोनेरी, जाणकार त्याला नावं ठेवत नाहीत, उलट सारखा बसलेला असेल तर आवडीनं घेतात. हिरवं चिकट मात्र वेगळं, ते पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटाचं, ते नाणं खातं, ते ठेवून चालणार नाही. त्याला शुद्ध ॲसिटोन लागतं, शाळा-कॉलेजला लॅबचं सामान पुरवणाऱ्या दुकानात मिळतं. नेलपॉलिश रिमूव्हर आणू नको, त्यात तेल रंग काय काय असतं. काचेच्या वाटीत ॲसिटोन घे, नाणं बुडव, थोड्या वेळानं दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमधून काढ, आणि पुसायचं नाही, तसंच वाळू दे. खिडकी उघडी ठेव आणि जवळपास गॅस, उदबत्ती काही पेटलेलं नको, ते पटकन पेट घेतं.

आणि आपला पाऊस. बेळगावचा जून ते सप्टेंबर म्हणजे कपाटातल्या चपलेला बुरशी येते तर नाण्याचं काय होत असेल. सिलिका जेलच्या पुड्या डब्याशेजारी ठेव आणि ओल्या झाल्या की बदल. रबरबँड, लोकर, पुठ्ठा यांच्याजवळ चांदी ठेवू नको, रबराचा तर काळा पट्टाच उमटतो.

---

शहापूरकर_बेळगाव

मावशी आईला तुमची पोस्ट वाचून दाखवलो, हसल्या पण डोळ्यात पाणी पण आलं. म्हणाल्या निदान दुसरी कुणी घासणार नाही आता.

राणी-राजाच्या सात रुपयांचं काय करायचं? व्हिक्टोरियाचे दोन, एकावर १८४० आणि एकावर १८६२. एडवर्डचा एक १९०७. जॉर्जचे १९१२, १९१९, आणि नंतरच्या जॉर्जचे १९४० च्या पुढचे दोन. माझा मेहुणा दुबईला असतो, तो म्हणतोय मला देऊन सोड, तिकडं चांगले पैसे येतात.

---

चंदगड_पुणे

मेहुण्याला देऊ नका. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यात येतात, देशाबाहेर नेता येत नाहीत. विमानतळावर पकडलं तर नाण्यापेक्षा त्रास मोठा.

आता रुपये. १९४० च्या आधीचा ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅम आणि ९१७ ची चांदी, शुद्ध साधारण १०.७ ग्रॅम. युद्धामुळे १९४० पासून चांदी निम्म्यावर आणली, ५०० ची, शुद्ध ५.८ च. ओळखायचं सोपं, त्या युद्धकाळातल्या रुपयाच्या कडेला रेघांच्या मधोमध एक खाच फिरवलेली असते. तुमच्या सराफानं यांनाही पन्नास धरलं तर शेवटचे दोनच बरोबर, बाकी पाचांत तुमचं सरळ नुकसान.

१८४० आणि १८६२ ही सालं बघून लगेच फार जुनं समजू नका. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८४० हेच साल नंतरची बरीच वर्षं तसंच ठेवलं, आणि १८६२ चं तर १८७४ पर्यंत, मागच्या बाजूला बारीक टिंबं वाढवत वाढवत. त्या टिंबांवरून नाणं कधी पाडलं ते लावतात, आणि काही टिंबांची जुळणी इतरांपेक्षा दुर्मिळ आहे, म्हणून भिंग घेऊन टिंबं मोजा. मी एक रविवार फक्त टिंबं मोजण्यात घालवलाय, बायकोला वाटलं मला काहीतरी झालंय, पण त्यातला आनंद वेगळाच.

१९१२, १९१९ भरपूर मिळतात. १९११ असता तर मी तुमच्या घरी येऊनच बघितलो असतो. त्यात जॉर्जच्या झग्यावरच्या माळेत जो हत्ती आहे त्याची सोंड इतकी आखूड आली की लोकांना डुक्कर वाटलं, हिंदू मुसलमान दोघंही भडकले, नाणं मागं घेऊन पुढच्या वर्षी हत्ती सुधारला. आणि घरात अजून कुठं डबे असतील तर १९३९ चा रुपया शोधा, तो खरा दुर्मिळ. मिळाला तर आनंद करायच्या आधी भिंगातून नऊचा आकडा बघा, कुणी कोरून केलेला नाही ना.

एक अजून, जुन्या ब्रिटिश नाण्यांची प्रूफ म्हणून जी विकायला येतात त्यात बरीच रीस्ट्राइक असतात. टांकसाळ जुने ठसे वापरून संग्राहकांसाठी परत पाडून द्यायची, हे १९७० च्या सुमाराला बंद झालं. खोटी म्हणता येत नाहीत, टांकसाळीचीच आहेत, पण मूळ प्रूफच्या भावानं घ्यायची नाहीत. तुमचे पूजेचे रुपये वापरलेले असणार, तेव्हा तुम्हाला हा प्रश्न नाही.

---

निपाणीकर_नाणी

विकायचंच असेल तर भाव कसा बघायचा ते सांगतो. ऑनलाइन जाहिरातीत लोक काय मागतात ते बघू नका, मागायला कुणाच्या बापाचं काय जातंय. मुंबई-बेंगळुरूचे जे नाण्यांचे लिलाव होतात त्यांचे निकाल ऑनलाइन असतात, तिथं तुमचाच सेट, तशाच डब्यासकट, प्रत्यक्षात कितीला गेला ते बघा, एक नाही चार-पाच लिलावांचे. घेणारा बोलीच्या वर कमिशन भरतो आणि विकणाऱ्याकडून पण कापतात, म्हणून हातात येणारा आकडा कमी असतो हे धरून चाला. ग्रेडिंगचं पण लोक डोक्यात घालतील, पीसीजीएस, एनजीसी वगैरे कंपन्या नाणं तपासून सत्तरपैकी मार्क देऊन प्लास्टिकमध्ये सील करतात. नाणं खरंच निर्दोष असेल तर उपयोग आहे, पण मूळ डब्यातला सेट फोडून एक नाणं ग्रेडिंगला पाठवणं मला पटत नाही. सेट एकदा फोडला की परत सेट होत नाही.

तीन वाटण्या करायच्या असतील तरी सेट फोडू नका एवढंच माझं म्हणणं. पैशांची वाटणी करा, नाण्यांची नको.

---

शहापूरकर_बेळगाव

दोन आठवड्यांनी लिहालोय, माफ करा.

सराफाला नाही म्हणून सांगितलो. पन्नास टंचात तो देत होता ते आणि आम्ही तक्ता केला ते, यात फक्त गांधीजींच्या दोन नाण्यांमागं ९ ग्रॅम शुद्ध चांदीचा फरक निघाला, आणि पाच जुन्या रुपयांत २४ ग्रॅमच्या वर. चुलतभावाला कागद दाखवलो तर गप्पच झाला, मग म्हणाला घाई नको.

१९७२ चं नाणं ॲसिटोनमधून काढलो, हिरवं गेलं पण खाली थोडे खड्डे पडलेत. व्हिक्टोरियाचं १८६२ चं भिंगाखाली बघितलो, टिंबं आहेत, मोजायला अजून जमत नाही, हळदीत भरलीत. ती हळद काढायची का तशीच ठेवू?

काकींना विचारलो की डबे विकायचे का. त्या म्हणाल्या, रांगेत उभं राहून पाय दुखतात म्हणून रात्री तेल चोळून घ्यायचे ते, मी तेव्हा खूप बोलले त्यांना. डबे माझ्या कपाटात ठेव, माझ्या मागं तुम्ही काय ते बघा. रुपये मात्र पूजेला लागतील. मग आम्ही तिघांनी ठरवलो की डबे काकींकडंच, सुटं पन्नासचं आणि १९७२ चं पण.

आता पन्नासच्या नाण्याला कॅप्सूल (नाणं ठेवायची गोल प्लास्टिकची डबी) पाहिजे, बेळगावात दोन-तीन दुकानं फिरलो, कुणाकडं नाही. साइज काय घेऊ?

---

टिळकवाडी_मावशी

हळद तशीच राहू दे. टिंबं मोजायची असतील तर कोमट साध्या पाण्यात थोडा वेळ ठेव, मऊ होऊन सुटली तेवढी सुटली, ब्रश लावू नको. काकींना माझा नमस्कार सांग.

---

निपाणीकर_नाणी

पन्नासच्याला ४४ एमएम. १९७२ च्याला ३९. सुट्या गांधींना ३४, घासलेलं असलं तरी घाला. माझ्याकडं ४४ ची दोन आणि ३९ चं एक जास्तीचं आहे, रविवारी लग्नाला बेळगावला येतोय, खडेबाजारात भेटा, देऊन सोडतो. पैसे नकोत, फक्त ते १८६२ घेऊन या, टिंबं मी मोजतो.